डोंबिवली सोडून कोल्हापूर, कडेवर अडीच वर्षांची लेक : घर कुठं बघू?

चिमणीची_आई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

नवरा वकील. २०२५ च्या १८ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि आमच्या घराचं वेळापत्रक पार विस्कटलं. त्याची निम्म्याहून जास्त कामं सातारा-सांगली-सोलापूरकडची, ती सगळी तिकडं गेली. तेव्हापासून रविवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस आणि शुक्रवारी रात्री परत. चिमणी सोमवारी सकाळी उठली की बाथरूमच्या दारावर थापा मारते, 'बाबा, बाहेर ये'. बाबा तोवर कोल्हापुरात उतरून चहा पीत असतो. पाच-सहा महिने काढले असेच, आता बस. मेमध्ये हलायचं ठरवलंय.

मी घरूनच काम करते, म्हणजे इंटरनेट हवं आणि दिवसातले चार तास तिच्याकडं बघणारं कुणीतरी. पर्याय असे आहेत. ताराबाई पार्क-नागाळा पार्क : कोर्ट जवळ, भाडं खिशाच्या जरा वर. आर. के. नगर-मोरेवाडी : रो हाउस, पुढं अंगण, पण नवरा म्हणतो लांब पडेल. कळंबा : नवी कॉम्प्लेक्स, लिफ्टबिफ्ट. आणि शिवाजी पेठेतल्या चुलत सासूबाई, ज्यांना भाड्याचं नावही काढलेलं खपत नाही, 'वरचा मजला रिकामाच हाय की'.

खरी काळजी मात्र घराची नाही. शेजारच्या काकूंना चिमणी आज्जू म्हणते. नात्याच्या कुणी नाहीत, पण दुपारी तिला झोप त्यांच्याकडेच लागते, त्यांच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून. माझा कान चालत नाही, प्रयत्न करून झालाय. ते कसं सोडवायचं कुणी सांगेल का?

रंकाळाकाठ

पहिलं काम, 'कोल्हापूर' म्हणणं सोडा. 'कोल्लापूर'. बाकीचं आपोआप होतंय.

पाणीपातळी

ताई, घर बघायला जाल तेव्हा एजंटला एक शब्द विचारू नका. गल्लीच्या तोंडाशी जो किराणावाला किंवा इस्त्रीवाला असेल त्याला विचारा, '१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? आणि २१ च्या?' तो हात वर करून भिंतीवर दाखवेल. आमच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीवर अजून रेघ आहे.

आम्ही नागाळा पार्कच्या उताराच्या बाजूला राहायचो. अख्ख्या नागाळा पार्कात पाणी येतं असं अजिबात नाही, वरच्या अंगाला टिपूसही येत नाही. पण उतारावरच्या गल्ल्या वेगळ्या. जुलै २०२१ मध्ये आमचा मुलगा पावणेतीन वर्षांचा. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे आकडे तिथं राहिलं की पाढ्यासारखे पाठ होतात. संध्याकाळी पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी होतं. रात्री अडीचला मी बॅटरी मारून बघितलं तर त्याची लाल प्लास्टिकची गाडी तरंगत तरंगत गेटपाशी जाऊन थटली होती. त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळून पहाटे नणंदेकडं राजारामपुरीत. त्याला काही भीती वाटली नाही हो. गाडी का नेली नाही म्हणून चार दिवस रडला फक्त.

आणि गंमत ऐका. चहूकडं पाणी, नळाला पाणी नाही! पाणी उपसायची केंद्रं नदीकाठी, ती पुरात बुडाली की शहराचा पुरवठा बंद. लहान मूल असलेल्या घरात ते जास्त जड जातं. बाहेर शिरोलीजवळ हायवे बंद, त्यामुळं डायपरचं पाकीट मिळेना. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलंय, पण मी पावसाळ्याआधी दोन पिंपं भरून ठेवते ती ठेवतेच.

मळावरचा_वारा

वरील प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, म्हणूनच म्हणतो वर या. आम्ही मोरेवाडीत. पंचगंगा इथं यायची म्हणजे आधी अंबाबाईला बुडवून यावं लागेल. हवा भन्नाट. पाच वर्षांत घरात डास म्हणून दिसला नाही (बरं, एखादा दिसला).

आता तोटे, नंतर शिव्या नकोत म्हणून. हा भाग ग्रामपंचायतीचा, महापालिकेचा नव्हे. पाणी, कचरा, रस्त्यावरचे दिवे, सगळं वेगळं खातं. पाचगावच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यात टँकरचे दिवस आम्ही काढलेत. केएमटीची बस आहे, पण ती तुमच्या वेळेला नसते, तिच्या वेळेला असते. दुचाकी हवीच. ताईंना येते का?

निवृत्त_पण_निवांत_नाही

शहराची हद्दवाढ झाली असती तर ही वेळच आली नसती. महापालिका झाली १९७२ ला, आणि भांडण तेव्हापासूनचं. २०१७ ला त्यावर तोडगा म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण काढलं. त्यातून काय निघालं ते मळावरच्या वाऱ्यानं सांगावं. ज्या गावांना शहराचं पाणी हवं, बस हवी, दवाखाना हवा, त्यांनी

रंकाळाकाठ

काका, ताई पोरीला घेऊन येणार आहेत. मोर्चा घेऊन नव्हे.

निवृत्त_पण_निवांत_नाही

पोरगीलाच पाणी लागणार आहे. पूर्ण लिहू दिलं असतं तर कळलं असतं. असो.

कट्ट्यावरचा

कळंब्याचं कुणी बोलंना. मध्यवर्ती कारागृह तिथंच, वकीलसाहेबांना अशील चालत भेटतील. म्हणजे साहेब चालत जातील, अशील कुठं जातोय.

शेवटची_लोकल

चिमणीची आई, मी तुमच्याच रस्त्यानं तीन वर्षांपूर्वी आले, ठाण्याहून. मुलगा तेव्हा तीनचा. जरा लांब लिहिते.

आम्ही सामान आवरायला लागलो आणि त्याची खेळणी सगळ्यात आधी भरली, कारण ती सोपी. हीच चूक. चार दिवस तो रिकाम्या कपाटासमोर बसायचा. त्याच्या वस्तू सगळ्यात शेवटी भरा, आणि नव्या घरी तेच खोकं सगळ्यात आधी फोडा. चादर-उशी धुऊ नका. तो जुना वास पहिल्या आठवड्यात सोन्याचा असतो. आम्ही नवी कोरी गाद्यागिरद्या घेतल्या, पोरगं आठ रात्री फरशीवर माझ्या साडीवर झोपलं.

मग 'घरी कधी जायचं?' सुरू होतं. ठाण्याला असताना तो एवढं कधी बोलला नव्हता. जेवायला बसलं की विचारायचा, चपला घातल्या की विचारायचा, रंकाळ्यावर कणीस खाताना विचारायचा. मी आधी 'हेच आपलं घर' असं ठासून सांगायचे आणि तो जास्त रडायचा. नंतर सांगणं सोडलं. 'तिथं काय काय होतं रे?' असं विचारायचे. मग तो लिफ्टचं बटण, वॉचमनकाका, खिडकीतलं कबूतर अशी यादी सांगायचा आणि झोपायचा. दोनेक महिन्यांत कबूतर राहिलं, बाकीचं गेलं.

दुसरी चूक, दुसऱ्याच आठवड्यात प्लेस्कूल. नाव लिहीत नाही. घेताना कॅमेरा मोबाइलवर दिसेल म्हणाले, तो बहुतेक दिवशी बंद. एकदा लवकर आणायला गेले तर सगळी तीन-साडेतीनची मुलं माना घालून पाटीवर उभ्या रेघा ओढत होती. महिन्याभरात काढलं, फी परत मिळाली नाही. वर्ष घरी ठेवला, काही बिघडलं नाही. तुमची मुलगी ३१ डिसेंबरला तीन पूर्ण करते का? करत असेल तर नियमानं यंदाच नर्सरीत बसते. पण बसते म्हणून बसवू नका.

चिमणीची_आई

ऑक्टोबरमध्ये तीन पूर्ण होतील. म्हणजे बसते. सासूबाईंनी शाळा बघूनही ठेवलीय. तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, तो 'कबूतर' शब्दाला गप्प झाला.

दुचाकी येते, पण ती येते डोंबिवलीत, म्हणजे ताशी दहानं.

स्टेथोस्कोप

बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून चार ओळी. लसीचं कार्ड सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा आणि फोटो काढून ठेवा. नव्या डॉक्टरला दीड-दोन वर्षांचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस झालाय का ते बघायचं असतं. पुढचा बूस्टर पाचव्या-सहाव्या वर्षी. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस मात्र पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतो, घर बदलताना नेमका तोच राहतो.

डायपर सोडवणं, बाटली तोडणं, वेगळी खोली, शाळा आणि घर बदलणं यातलं एका वेळी एकच करा. सुटलेली शू परत सुरू झाली तर रागावू नका, येते ती परत ताळ्यावर.

आणि गंगावेशीत म्हशीखालचं धारोष्ण दूध पाजायला कुणी आग्रहानं नेईल. तुम्ही जा. मुलीला नको. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, क्षयही होऊ शकतो. घरी आणून उकळून द्या.

कट्ट्यावरचा

डॉक्टर, आमच्या चार पिढ्या त्या कट्ट्यावर वाढल्या. आजोबा ग्लास लावून दूध पिऊन तालमीत जायचे. नव्वदीपर्यंत दात होते.

स्टेथोस्कोप

आजोबा दिसतात कारण ते जगले. माझ्याकडं येतात ते तीन-तीन आठवडे ताप घेऊन येतात.

कट्ट्यावरचा

बरं बरं. उकळून पाजतो. फेस गेला की मजा गेली पण.

मायबोली_शुद्ध

एक मुद्दा कुणीच मांडला नाही. भाषा. माझी बहीण नाशिकहून तिकडं गेली. तिची मुलगी सहा महिन्यांत 'मी जेवलो', 'मी येतो' म्हणायला लागली. मुलगी! अडीच हे भाषा बसण्याचं वय. घरात कटाक्षानं दुरुस्त करा, नाहीतर पुढं शाळेत हसतात.

तिखटजाळ

कोण हसतंय? माझी आई 'मी आलो' म्हणते, आजी म्हणायची, मी म्हणतो, माझी लेक म्हणते. आम्ही चौघीही बायकाच आहोत, तपासून बघितलंय. मुख्याध्यापिका होऊन रिटायर झाली माझी आई, वर्गात 'आले', घरात 'आलो'. पोरांना दोन्ही येतंय. तुमच्या बहिणीची मुलगी हुशार आहे असं म्हणायचं सोडून दुरुस्त काय करताय?

मायबोली_शुद्ध

व्याकरण म्हणून काही असतं की नाही?

तिखटजाळ

असतंय की. आमचं आहे.

रंकाळाकाठ

विषय हार्ड.

गूळकाकवी

जेवणाचं सांगतो. 'कोल्हापूर म्हणजे तिखट' हे बाहेरच्यांनी करून ठेवलेलं. पोरांना पांढरा रस्सा सुरू करा, चपाती कुस्करून. त्यातलं अळणी सूप तर आजारी माणसालाही देतात. गुऱ्हाळ सुरू झालं की काकवी आणि भाकरी. फक्त शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, कारण इथं पोर दारात दिसलं की हातात काहीतरी खाऊ ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या शेजारच्यांचा नातू पुण्याहून आला होता. चार घरं फिरून आला, चारही घरी जेवून आला, आणि रात्री आई ओरडतेय, हा काही खात का नाही म्हणून.

मळावरचा_वारा

एक राहिलं, आणि हे महत्त्वाचं. रो हाउस किंवा बंगल्याचा खालचा मजला घेणार असाल तर आधी हौद बघा. इथं घरोघरी जमिनीखाली पाण्याचा हौद असतो आणि झाकण बहुतेक पत्र्याचं, एका कोपऱ्याला गंजलेलं. आम्ही घर घेतलं त्या दिवशी सगळे हॉलमध्ये टाइल्स बघत होते. मी बाहेर आलो तर आमचं दोन वर्षांचं पोरगं त्या झाकणावर उभं राहून उड्या मारत होतं, कारण आवाज छान येत होता. ढम्म, ढम्म. मी हाकही मारली नाही, दचकून पडेल म्हणून. हळूच जाऊन उचलला. नंतर पायरीवर बसून राहिलो दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी जाड झाकण आणि कुलूप. तुमचं घर कुणीकडंही असू दे, कुलूप पहिल्या दिवशी.

चिमणीची_आई

हे वाचून पोटात गोळा आला. लिहून ठेवलं.

मंडळी, आम्ही येऊन दोन दिवस घरं बघून गेलो. नागाळा पार्कातलं आवडलं होतं. गल्लीच्या तोंडाशी किराणावाल्याला विचारलं. त्यानं आधी 'चहा घेणार काय?' विचारलं आणि मग स्वतःच्या छातीला हात लावून दाखवला. झालं. मोरेवाडीचं अंगण फार गोड होतं, पण माझी गाडी ताशी दहाची. सध्या बुद्धी चालत नाही.

अर्जदार_हजर

मी वकीलच, सांगलीकडून येऊन-जाऊन असतो. कोर्ट सीपीआर दवाखान्याच्या समोर, भाऊसिंगजी रोडला. कोल्हापुरात 'लांब' म्हणजे वीस मिनिटं, एवढं तुमच्या मिस्टरांना सांगा. डोंबिवली फास्टमध्ये एका पायावर उभं राहिलेल्या माणसानं लांब म्हणू नये. कोर्टाजवळ घर घेतलंत तर जेवायच्या सुट्टीत चार वकील घरी येतील, तो खर्च धरा.

शेवटची_लोकल

मधला पर्याय बघितलात का? प्रतिभानगर, सम्राटनगर, सागरमाळ. उंचावर आहे, तरी शहरातच. विद्यापीठ जवळ, सकाळी तिथं बाबागाडी घेऊन फिरता येतं. बंगल्यांचे खालचे मजले भाड्यानं मिळतात, वर मालक म्हणजे बहुतेक निवृत्त जोडपं, मुलं पुण्यात नाहीतर परदेशात.

पाणीपातळी

+१. आम्ही आता तिथंच आहोत.

हळदीच्या_पानातली

मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी, म्हणून अगं-तुगं करते. एवढी पानं झाली, पण पोरीनं विचारलं होतं कानाच्या पाळीचं. त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही. सगळे आपले पूर आणि हद्दवाढ.

अगं, त्या आज्जूंनाच घेऊन ये. पहिले आठ-दहा दिवस. रिकाम्या असतील तर येतील, अंबाबाईचं दर्शनही होईल त्यांचं. पोरीनं नवं घर त्यांच्याबरोबर बघितलं की तिला ते परकं वाटणार नाही. दुपारी नव्या खोलीत त्यांचा कान धरून झोपू दे. जायच्या वेळी मात्र पोर झोपलेली असताना गुपचूप निघायचं नाही. तोंडावर टाटा करून, रडू देऊन जायचं. गुपचूप गेलेलं माणूस पोरं आठवडाभर बाथरूममध्ये शोधतात. तुझ्याकडं बाबाचं तेच चाललंय की.

आणि मे चुकवू नकोस. जूनमध्ये इथं पाऊस लागला की कपडे वाळत नाहीत. आमच्या वेळी शेगडीवर बांबूचं डालगं उपडं घालून त्यावर लंगोट पसरायचे, घरभर धुराचा वास. तू इस्त्री करशील.

चिमणीची_आई

काकू, 'तुझ्याकडं बाबाचं तेच चाललंय' याला मी अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून बसले. तो रविवारी ती झोपल्यावरच निघतो. आम्हाला वाटायचं, रडणं वाचतंय.

आज्जूंना विचारते.

कट्ट्यावरचा

धागा वर काढतोय. काय झालं ओ ताई? आला का न्हाई?

चिमणीची_आई

आलो. (तिखटजाळताई, वाचताय ना?)

२० मेला आलो. प्रतिभानगरला बंगल्याचा खालचा मजला, वर मालक-मालकीणबाई. भाडं नागाळा पार्कपेक्षा कमी, नवरा कोर्टात खरंच वीस मिनिटांत पोहोचतो, आणि हे तो कबूल करत नाही. सासूबाई रुसल्या होत्या, दर रविवारी पेठेत जेवायला यायच्या अटीवर तह झाला. खंबाटकी घाटात चिमणी माझ्या अंगावर ओकली, तेवढं एक प्रवासात.

आज्जू बारा दिवस राहिल्या. निघायच्या दिवशी टाटा केला. फार रडली, मीपण, आज्जूपण, आणि मालकीणबाई जिन्यात उभ्या राहून. त्यानंतरच्या चार दुपारी झोपलीच नाही. पाचव्या दिवशी वर जाऊन मालकीणबाईंचा कान धरून बघितला. नापसंत, 'टोचतंय'. त्यांनी कुड्या काढून ठेवल्या, तरी नापसंत. आता स्वतःचाच कान धरून झोपते. ते बघून बरं वाटतं की वाईट, मला ठरवता येत नाही.

शाळेला यंदा सुट्टी. दुपारचे तीन तास ती वर असते, मी काम उरकते. काल व्हिडिओ कॉलवर आज्जूंना म्हणाली, 'मी जेवलो. तू जेवलास काय?' आज्जू दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत.

मायबोली_शुद्ध

सांगितलं होतं.

तिखटजाळ

लई भारी! पोरगी आमची झाली.

मळावरचा_वारा

हौदाला कुलूप घातलं का?

चिमणीची_आई

पहिल्याच दिवशी. आज सकाळी हौद धुवायला माणूस दारात येऊन उभा, आणि किल्ली नवऱ्याच्या काळ्या कोटात, कोट कोर्टात.